मदेरा बेट आणि तिथली वाईन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगालच्या वाईनचा विषय निघाला की बहुतेकांची गाडी पोर्तो शहर आणि दोरू नदीच्या खोऱ्यावर जाऊन थांबते. मदेराचं नाव ऐकलेले लोक भेटतात, पण त्यांना बहुधा एवढंच ठाऊक असतं की ही स्वयंपाकात घालायची गोड दारू आहे, किंवा क्रिस्तियानो रोनाल्डो तिथला. तिकडे जायचा बेत आखणाऱ्या मित्रमंडळींनी आणि नातेवाइकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली, कारण विषयच तसा आहे.

मदेरा नेमकं आहे कुठे?

अटलांटिक महासागरात, लिस्बनच्या नैर्ऋत्येला सुमारे 1,000 किलोमीटरवर. मोरोक्कोचा किनारा त्याहून जवळ आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी 1419 मध्ये इथे उतरले तेव्हा बेटावर माणूस नव्हता, नुसतं दाट जंगल होतं. बेट जेमतेम 57 किलोमीटर लांब आणि 22 किलोमीटर रुंद, पण मधला पिको रुइवो हा सुळका 1,862 मीटर उंच. सपाट जमीन म्हणावी अशी जवळपास नाहीच. 1976 पासून हा पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश आहे आणि फुंशाल ही त्याची राजधानी.

गोव्यात मिळते ती पोर्ट वाईन आणि ही मदेरा, एकाच जातीच्या का?

नाही. गोव्यातल्या दुकानांत स्वस्तात मिळणाऱ्या गोड लाल ‘पोर्ट’चा दोरूच्या खऱ्या पोर्टशी नावापुरताच संबंध आहे, आणि मदेराशी तेवढाही नाही. खरी पोर्ट आणि मदेरा या दोन्हींत द्राक्षाचा अर्क, म्हणजे कडक स्पिरिट, मिसळतात. दोघींचं साम्य तिथेच संपतं. पोर्टला ऊन आणि हवा लागू नये म्हणून जपतात. मदेराला या दोन्ही गोष्टी मुद्दाम दिल्या जातात. गोव्याच्या सहलीत प्यायलेल्या गोडमिट्ट पोर्टमुळे ज्यांनी पोर्तुगीज वाईनवर कायमची फुली मारली असेल, त्यांनी सर्सियाल जातीच्या द्राक्षाची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, मदेरा एकदा घोटभर तरी घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

वाईन मुद्दाम तापवतात हे खरं का? मग ती बिघडत नाही?

खरं आहे. बिघडायचं ते आधीच बिघडून झालेलं असतं, म्हणून पुढे काही होत नाही, असं थोडं चेष्टेत म्हणता येईल.

सुरुवात अपघातानेच झाली. फुंशाल हे अमेरिका, आफ्रिका आणि हिंदुस्थानाकडे निघालेल्या गलबतांचं पाणी आणि शिधा भरून घ्यायचं ठिकाण होतं. तिथेच वाईनची पिंपंही चढत. प्रवासात टिकावी म्हणून अठराव्या शतकात तिच्यात स्पिरिट घालायची पद्धत रुळली. गलबताच्या पोटात महिनोन् महिने उकाडा, हेलकावे आणि विषुववृत्त ओलांडताना भाजून काढणारी उष्णता. न खपलेली पिंपं परत आली तेव्हा लक्षात आलं, की वाईन निघताना होती त्यापेक्षा सुधारली आहे. मग व्यापाऱ्यांनी पिंपं मुद्दामच सफरीला पाठवायला सुरुवात केली. फेरी मारून आलेल्या या वाईनला ‘विन्यो दा रोदा’ म्हणत आणि तिला जास्त दाम मिळे.

दर वेळी जहाजाचं भाडं कोण भरणार? म्हणून तोच उकाडा बेटावर तयार करायच्या युक्त्या निघाल्या. आज दोन पद्धती आहेत. पहिली ‘इश्तुफाजें’: वाईन स्टीलच्या टाकीत भरून गरम पाण्याच्या नळ्यांनी 45 ते 50 अंशांवर निदान तीन महिने ठेवतात. स्वस्त आणि मधल्या दर्जाचा माल असा होतो. दुसरी ‘कांतेइरो’: पिंपं थेट गोदामाच्या माळ्यावर, तापलेल्या छपराखाली. तिथे निदान दोन वर्षं, चांगल्या मालासाठी वीस, चाळीस, कधी शंभर वर्षंसुद्धा. ऊन चढतं-उतरतं, लाकडातून थोडी वाईन उडून जाते, थोडी हवा आत येते. उरते ती घट्ट, चहाच्या रंगाची आणि आंबटपणाने जिवंत. मला विचाराल तर खरी मदेरा हीच; पहिल्या पद्धतीत उष्णतेची घाई जिभेला कळते.

म्हणजे ही वाईन भारतापर्यंत येऊन परत जायची?

हो, काही पिंपं तशी फिरली. त्याहून जास्त मदेरा मात्र इथे येऊन इथेच संपली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं वाटेत फुंशालला थांबून पिंपं चढवत, आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर ती सर्रास असे. युरोपातली हलकी वाईन इकडच्या हवेत आंबून जाई. उकाड्यातच घडलेल्या मदेराला आपल्या मे महिन्याचं काय भय!

अमेरिकेतही तिचं प्रस्थ मोठं होतं. 1768 मध्ये बॉस्टनच्या बंदरात जॉन हॅनकॉक या व्यापाऱ्याचं ‘लिबर्टी’ नावाचं जहाज इंग्रज जकात अधिकाऱ्यांनी जप्त केलं आणि शहरात दंगल उसळली. ते जहाज बंदरात आलं होतं ते मदेराच घेऊन.

द्राक्षं कोणती?

अभिजात मानल्या जाणाऱ्या चार पांढऱ्या जाती आहेत, आणि सोय अशी की जातीचं नाव वाचलं की गोडी कळते. त्या जातीची निदान 85 टक्के द्राक्षं असल्याशिवाय तिचं नाव लेबलावर लावता येत नाही.

सर्सियाल सर्वांत कोरडी. उशिरा पिकते, थंड उंचीवर आणि उत्तर किनाऱ्यावर सेइशालच्या बाजूला लावतात. तरुणपणी इतकी आंबट की दात शिवशिवतात. दहा वर्षांनंतर त्याच आंबटपणातून बदाम आणि लिंबाच्या सालीचा वास येऊ लागतो. वर्देल्यो तिच्याहून किंचित गोडीकडे झुकलेली, थोडी धुरकट. बेटावर एकेकाळी सर्वाधिक लागवड हिचीच होती. बुआल दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यावर, कालेताच्या बाजूला. ती गोडच, पण साखरआंब्यात कैरी जशी गोडाला हद्दीत ठेवते तसं हिच्यात चालतं. माल्वाझिया सर्वांत गोड; इंग्रज तिला माम्झी म्हणतात. फाजाँ दुश पाद्रेश नावाच्या कड्याखालच्या चिंचोळ्या पट्टीत जेझुइट पाद्री पूर्वी हिची लागवड करत. आजही तिथे वेली आहेत आणि खाली उतरायला केबलकार आहे.

गोडीचा हा फरक साखर घालून केलेला नसतो. रस आंबत असताना स्पिरिट केव्हा ओतायचं, यावर सगळं ठरतं. लवकर ओतलं तर आंबवण थांबते आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते. उशिरा ओतलं तर वाईन कोरडी होते. तयार वाईनमध्ये अल्कोहोल 17 ते 22 टक्के असतं.

आता पडद्यामागची गोष्ट. बेटावरच्या एकूण उत्पादनात चारपंचमांशाहून जास्त वाटा या चौघींचा नाहीच. तो तिंता नेग्रा या काळ्या द्राक्षाचा आहे. पीक भरघोस, कुठेही रुजते, कोरडी ते गोड कुठल्याही तऱ्हेची वाईन देते. वर्षानुवर्षं हिचं नाव लेबलावर घालायला बंदी होती. 2015 पासून ते दिसू लागलं. चांगल्या हातात पडलेली, पिंपात मुरलेली तिंता नेग्रा अभिजात जातींच्या शेजारी निमूट बसते, तेव्हा तिला कमी लेखू नका.

तेर्रांतेझ ही पाचवी जात अतिदुर्मीळ. कुठे पेलाभर चाखायला मिळाली तर भाव बघून मागे फिरू नका.

आमची नाशिकला द्राक्षबाग आहे. तिथल्या बागा कशा असतात?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तर नक्की जावं, कारण निम्मी गोष्ट तुम्हाला न सांगता कळेल. वेली मांडवावर चढवलेल्या असतात. त्याला तिथे ‘लाताद’ म्हणतात. मांडव बहुधा बुटका, त्यामुळे तोडणी करणाऱ्याला वाकून, कधी बसून काम करावं लागतं. मांडवाखाली बटाटा, भाजीपाला. बागा डोंगरउतारावर दगडी बांध घालून काढलेल्या अरुंद टप्प्यांत; एकेकाची जमीन एकरांत नव्हे, गुंठ्यांत मोजावी इतकी. ट्रॅक्टर आत जातच नाही. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी, सगळी हाताने.

पाण्याची व्यवस्था बघण्यासारखी आहे. पाऊस उत्तर बाजूला आणि डोंगरमाथ्यावर पडतो, ऊन आणि शेती दक्षिणेला. म्हणून पंधराव्या शतकापासून कड्यांच्या अंगाने, पुढे बोगद्यांतून, पाट काढत नेले. हेच ते प्रसिद्ध ‘लेवादा’. सगळे मिळून 2,000 किलोमीटरहून अधिक भरतात. शेतकऱ्यांना पाणीपाळी ठरलेली असते आणि पाटावर देखरेख करणारा माणूसही असतो. त्याच्यासाठी पाटाकडेने ठेवलेली पायवाट आज जगभरचे पर्यटक तुडवतात.

रोगांच्या बाबतीतही आपलं-त्यांचं दुखणं एकच. 1852 च्या सुमाराला अमेरिकेतून आलेल्या भुरीने बागा बसवल्या. गंधकाच्या धुरळणीने सावरतात न सावरतात तोच 1872 मध्ये मुळं कुरतडणारी फिलोक्सेरा ही कीड आली. अनेक व्यापारी बेट सोडून गेले, शेतकऱ्यांनी ऊस आणि केळी धरली. शेवटी उपाय मिळाला तो अमेरिकी खुंटावर कलम करण्याचा.

दक्षिण किनाऱ्यावर समुद्रालगत केळी, वर द्राक्ष, त्याच्याही वर जंगल असा थर आजही दिसतो. कामरा द लोबुशच्या वरचं इश्त्रेइतो हे गाव तिंता नेग्राचं आगर. फुंशालहून तिथे बसनेही जाता येतं. चाखण्याच्या दालनांत सगळा वेळ घालवण्यापेक्षा एक सकाळ या चढावर घालवा.

लेबल कसं वाचायचं?

आधी जात, मग वय. 3, 5, 10, 15, 20 वर्षं असे आकडे असतात. ते मिश्रणाचं वय समजा. ‘कुल्येइता’ म्हणजे एकाच वर्षाच्या पिकाची, निदान पाच वर्षं पिंपात राहिलेली. ‘फ्राश्केइरा’ म्हणजे एकाच वर्षाची, एकाच अभिजात जातीची आणि निदान वीस वर्षं पिंपात मुरलेली. खिशाला चटका तिथे बसतो. ‘रेनवॉटर’ ही हलकी, फारशी गोड नसलेली तऱ्हा. पहिल्यांदा विकत घेणार असाल तर 10 वर्षांची वर्देल्यो घ्या. 3 वर्षांची घेऊन मत बनवू नका.

सोबत काय खायचं?

सर्सियाल जेवणाआधी, किंचित गार करून: खारे बदाम, ऑलिव्ह, आणि ‘लापाश’. हे खडकाला चिकटून राहणारे टोपीसारखे शिंपले. लसूण-लोणी घालून लोखंडी तव्यावर भाजतात, वर लिंबू. बेटावरचं एकच काही खायचं तर हे खा. ट्यूनाबरोबरही सर्सियाल जमते. वर्देल्यो मशरूम, कांद्याचं सूप आणि धुरावलेल्या माशाबरोबर. बुआल जुन्या, कडक चीजबरोबर किंवा अक्रोड, अंजीर असलेल्या कशाहीबरोबर. माल्वाझियासाठी ‘बोलो द मेल’ आहेच. नावात मध असला तरी हा केक उसाच्या काकवीचा. आत सुकामेवा, दालचिनी, लवंग. परंपरेने 8 डिसेंबरला भाजतात, वर्षभर टिकतो, आणि सुरीने न कापता हाताने तोडायचा असतो.

रोजच्या जेवणातली खासियत ‘इश्पेतादा’: गोमांसाचे तुकडे मीठ-लसूण लावून तमालवृक्षाच्या काठीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले. त्याबरोबर मदेरा नको, मुख्य भूमीवरची साधी लाल वाईन घ्या. ‘इश्पादा’ हा खोल समुद्रातला काळा, लांबुळका, राक्षसी दातांचा मासा. तळलेल्या केळ्याबरोबर देतात. ऐकायला विचित्र, खायला मवाळ. मला स्वतःला केळं बाजूला काढून जास्त आवडतो, पण बेटावर हे बोलू नये.

तिखटजाळ रश्शाबरोबर मदेरा घेऊ नका. एवढ्या अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण चैनही नाही. रताळं घातलेला, दगडी तव्यावर भाजलेला ‘बोलो दु काकु’ पाव, वर लसणीचं लोणी. मक्याच्या पिठाच्या वड्या तळून केलेलं ‘मिल्यो फ्रितो’. टोमॅटो-कांद्याचं सूप, ज्यात न विचारता अंडं सोडतात. भाजीच्या सूपमध्ये सॉसेजचा तुकडा असू शकतो, गव्हाच्या सूपमध्ये तर मांस असतंच, म्हणून प्रत्येक वेळी विचारा. फळांची मात्र लयलूट आहे: केळी, सीताफळाच्या कुळातली अनोना, पॅशन फ्रूटचे नाना प्रकार. फुंशालच्या ‘मेर्कादो दुश लाव्रादोरेश’ या 1940 च्या बाजारात फळं सुंदर रचलेली असतात. चव बघायला पुढे केलेली फोड घ्या, पण वजनकाट्यावर फळ ठेवण्याआधी भाव विचारा.

विंदालूचा जन्म मदेराचा म्हणतात, खरं का?

एकट्या मदेराचा नाही, पण नातं खरं आहे. ‘कार्ने द विन्या दाल्योश’ हे डुकराचं मांस वाईन किंवा व्हिनेगर, लसूण आणि तमालपत्रात दोन-तीन दिवस मुरवून शिजवतात. मदेरात नाताळ त्याशिवाय होत नाही. खलाशांबरोबर हीच रीत गोव्यात आली. तिथे माडाच्या व्हिनेगरने वाईनची जागा घेतली आणि मिरची, जिरं, मिरी असा मसाला पडला. बेटावरचा पदार्थ खाताना गोव्याची जीभ असलेल्याला तो अर्धवट वाटतो. मिरची शोधू नका, आंबट आणि लसणीकडे लक्ष द्या.

पोंशा म्हणजे वाईनच का?

नाही. उसाची दारू, मध आणि लिंबाचा रस लाकडी रवीने घुसळून करतात. सरबतासारखी जाते आणि मग उठताना कळते. वळणाच्या घाटातून गाडी चालवायची असेल त्या दिवशी लांब राहा.

वाईन चाखायला कुठे जावं?

फुंशालमध्येच बरंच पायी फिरून होतं. अव्हेनिदा आरियागावरचं ब्लँडीजचं गोदाम जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या जागेवर आहे. घराणं 1811 पासूनचं. तिथे मार्गदर्शकाबरोबर माळ्यावरची पिंपं दाखवतात. पहिल्या भेटीला तेच सोपं. तिथून थोड्या अंतरावर 1850 ची परेइरा दोलिवेइरा: अंधारं, लाकडी, जुन्या वासाचं दालन. त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या पिकाच्या बाटल्याही असतात. मला हे दुसरं अधिक भावतं. कामरा द लोबुशला एन्रिकेश अँड एन्रिकेश आहे. बार्बेइतो हे 1946 चं, तुलनेने तरुण घराणं; तिथे जायचं तर आधी वेळ घ्या.

या सगळ्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था वाईनबरोबरच बेटाच्या भरतकामाचीही तपासणी करते. बाटली आणि टेबलक्लॉथ एकाच खात्याच्या अखत्यारीत, हे मला फार आवडतं.

वाईन सोडून बघायला काय?

पुष्कळ. ‘लावरीसिल्वा’ हे तमालकुळातल्या झाडांचं आदिम जंगल 1999 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फानालला धुक्यात उभी असलेली वेडीवाकडी, शेवाळलेली झाडं दिसतात. धुकं नसेल तर मजा निम्मी. पिको दु आरियेइरो (1,818 मीटर) माथ्यापर्यंत गाडी जाते. पहाटे गेलात तर ढग पायाखाली. काबो जिराँवचा कडा समुद्रापासून 580 मीटर वर, टोकाला काचेची गच्ची. पोर्तो मोनीझला लाव्हाच्या खडकांत तयार झालेली समुद्राच्या पाण्याची कुंडं.

लेवादांपैकी रिबेइरो फ्रियोची बाल्कोइंश ही वाट सपाट आणि दीड किलोमीटरची. आई-वडिलांना घेऊन जायला ठीक. काल्देइराँव वेर्दला बोगदे आहेत, विजेरी लागते, आणि उंचीची भीती असेल तर जाऊ नका. दरडी आणि वणव्यांमुळे वाटा अधूनमधून बंद असतात, काही वाटांना शुल्कही आहे. निघण्याआधी पाहून घ्या.

फुंशालच्या वरच्या मोंत गावाला केबलकारने वर जायचं आणि उतरताना वेताच्या टोपलीवजा गाडीतून रस्त्यावरून घसरत यायचं. मागे पांढऱ्या कपड्यांतले दोन माणसं बुटांनीच ब्रेक लावतात. पर्यटकी प्रकार आहे, पण मुलं खूश होतात. तिथल्याच चर्चमध्ये ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल याची कबर आहे. पदच्युत होऊन तो या बेटावर आला आणि 1922 मध्ये इथेच वारला.

सांतानाची तिकोनी गवताच्या छपराची घरं फोटोपुरती.

कधी जावं आणि कसं?

हवा वर्षभर सौम्य. वाईनसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरची सुरुवात. तेव्हा वाईन महोत्सव असतो आणि इश्त्रेइतोला तोडणी बघता येते. 31 डिसेंबरची फुंशालची आतषबाजी प्रसिद्ध, त्यामुळे हॉटेलं तेव्हा महागडी.

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. लिस्बनहून विमानाने पावणेदोन तासांच्या आसपास. धावपट्टीचा एक भाग समुद्राकाठी 180 खांबांवर उभा आहे आणि वाऱ्यामुळे विमानं कधीकधी उतरू शकत नाहीत, म्हणून परतीचं लिस्बनहून पुढचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. गाडी भाड्याने घेणार असाल तर इंजिन बरं असलेली घ्या. चढ थट्टा करण्यासारखे नाहीत.

बाटली घरी आणली तर किती टिकते?

मदेराचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. उघडल्यावर साधी वाईन तीन दिवसांत जाते, ही कित्येक महिने बसते. फ्रिजची गरज नाही. बाटली आडवी न ठेवता उभी ठेवा, तिच्या आंबटपणाने बूच खराब होतं. खूप जुनी फ्राश्केइरा असेल तर पिण्याआधी निदान एक दिवस दुसऱ्या भांड्यात ओतून मोकळी ठेवा. पेला लहान घ्या. ही 19-20 टक्क्यांची चीज आहे.

भारतात येताना प्रौढ प्रवाशाला 2 लिटर मद्य जकातीशिवाय आणता येतं. बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. आणि सुपरमार्केटमध्ये ‘स्वयंपाकासाठी’ म्हणून फार स्वस्त दिसली तर नीट वाचा: त्यात बऱ्याचदा मीठ आणि मिरी घातलेली असते, सॉसला चालते, पेल्यात नाही.